सुप्यापासून भिगवणपर्यंत: माळावरचे शिकारी पक्षी

शिकारी पक्षी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उंच कडा येतो, नाहीतर दाट जंगल. पण सासवड ओलांडून पूर्वेकडे बारामती-इंदापूरपर्यंत जो कमी पावसाचा पट्टा आहे, तिथल्या उरल्यासुरल्या गवताळ माळांवर हिवाळ्यात या पक्ष्यांची जी रेलचेल असते, ती मला घाटमाथ्यावर कधी दिसलेली नाही. कारण उघड आहे. कुसळी आणि पवन्या गवताच्या बुडाशी उंदीर, सरडे, नाकतोडे, चंडोल असं भरपूर खाद्य असतं आणि झाडी विरळ असल्यामुळे ते वरून दिसतं. इथले कायमचे रहिवासी असतातच, त्यात पावसाळा सरला की मध्य आशियातून आलेले पाहुणे मिसळतात. जानेवारीत दोघांचीही हजेरी असते, म्हणून आम्ही जानेवारीतला लांब शनिवार-रविवार धरला.

गाडीत मी, मामा, मामेबहीण आणि मामेबहिणीची भलीमोठी लेन्स. तिलाच एक सीट लागते. मामांना कॉलेजपासून पक्ष्यांचा नाद. त्यांच्याकडे ८×४२ची जुनी दुर्बीण आहे आणि एक ठाम मत आहे: शिकारी पक्षी शोधायला आकाशाकडे बघत बसू नये. खाली कोण घाबरलंय, कोण गप्प झालंय, कोण कुणाच्या मागे लागलंय, ते बघावं. निघतानाच त्यांनी हे ऐकवलं. आम्ही मान डोलावली आणि आकाशाकडे बघत राहिलो.

शुक्रवार: जेजुरी, मोरगाव, सुपे

दिवे घाट अंधारातच चढलो. उजाडलं तेव्हा जेजुरी मागे पडली होती. थंडीच्या दिवसांत सूर्य उगवल्यावर पहिला तास-दीड तास मोठे पक्षी उडायच्या भानगडीत पडत नाहीत. जमीन तापून हवा वर चढायला लागली की त्या हवेवर पंख पसरून फुकटात उंची गाठता येते, तोवर ताकद कोण खर्च करणार? तेव्हा या वेळी रस्त्याकडेचे विजेचे खांब, तारा आणि बाभळींचे शेंडे तपासत गाडी सावकाश हाकायची.

मोरगावच्या अलीकडे पहिली कापशी भेटली. कावळ्याएवढी, राखाडी-पांढरी, खांद्यावर काळा डाग. तारेवर बसल्यावर तिची एक लकब आहे. दर थोड्या वेळाने शेपटी झटकन वर उचलते आणि हळूहळू खाली आणते. बाकी सगळं शरीर स्थिर. गाडीच्या काचेतून बघत होतो तेव्हा तिने मान वळवून थेट आमच्याकडे पाहिलं. माणकासारखे लाल डोळे आणि भोवती काळी कड, काजळ घातल्यासारखी. मामेबहिणीने काच खाली केली तशी ती उडाली, पण पन्नास पावलांवरच हवेत एका जागी थांबली. पंख फडफडवत, पाय खाली सोडून. मग पंख वर इंग्रजी व्हीसारखे धरून पायऱ्या उतरल्यागत टप्प्याटप्प्याने खाली आली आणि शेवटचा हातभर सूर मारून गवतात गडप झाली. वर आली तेव्हा पंज्यात काही नव्हतं.

हवेत एका जागी थांबण्याची ही कला खरूचीलाही येते आणि नवख्या माणसाची गल्लत इथे होते. खरूचीचा रंग विटकरी, पंख टोकदार, शेपूट लांब आणि थांबताना पंख्यासारखी पसरलेली. पण रंग उन्हात फसवतो. त्यापेक्षा डोकं बघावं. वाऱ्याने खरूचीचं अंग हलतं, शेपूट डावी-उजवीकडे वळते, पंखांची कसरत चालू असते, पण डोकं जणू हवेत खिळ्याने ठोकलेलं. डोकं हललं तर जमिनीवरचा उंदीर दिसेनासा होईल, म्हणून मान ते हेलकावे सोसून घेते. सुप्याजवळच्या माळावर ही कसरत आम्ही दुर्बिणीतून मनसोक्त पाहिली. मामांनी एकीकडे व्याख्यान चालू ठेवलं होतं, पण त्या दिवशी त्याची गरज नव्हती.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य इतकं लहान आहे की नकाशावर शोधावं लागतं, जेमतेम ५ चौरस किलोमीटर. १९९७ साली ते मुख्यतः चिंकाऱ्यांसाठी राखलं गेलं. चिंकारे आता इतके सरावलेत की गाडी थांबली तरी चरायचं थांबवत नाहीत. आम्हाला हवा होता तिसा. हा पक्षी फार उंच उडत नाही आणि फारसा देखणाही नाही, त्यामुळे फोटोवाल्यांना त्याचं कौतुक नसतं. मला आहे. बुटक्या बाभळीवर, कुंपणाच्या खांबावर, कधी चक्क दगडावर तो ठाण मांडून बसतो आणि खालच्या सरड्या-नाकतोड्यांवर नजर ठेवतो. आम्हाला दिसलेला तिसा रस्त्यापासून इतका जवळ होता की गळ्यावरच्या पांढऱ्या पट्टीच्या मधोमध गेलेली काळसर रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसली. डोळे पिवळट पांढरे, त्यामुळे चेहऱ्यावर कायम कुणावर तरी वैतागल्याचा भाव. पिल्लांचे डोळे तपकिरी असतात, म्हणजे वैतागायला वय लागतं म्हणायचं.

दुपारच्या आत मामांचं म्हणणं खरं करणारा प्रसंग आलाच. समोर डोंबारी चंडोलांची बारकी झुंबड दाणे टिपत होती. एकाएकी सगळे जमिनीला चिकटले. पळाले नाहीत, उडाले नाहीत, नुसते सपाट झाले. इतके की ढेकूळ कुठलं आणि चंडोल कुठला ते कळेना. वर पाहिलं तर आकाश रिकामं. मामा म्हणाले, "डावीकडे बघा, बांधावरून." आणि तांबूस डोक्याची तुरमती जमिनीलगत सुसाट आली, चंडोलांवरून निघून गेली. तिच्या मागे जरा वरच्या अंगाने दुसरी. तुरमतीची जोडी अनेकदा मिळून शिकार करते. एकीने पक्षी उठवायचे आणि उठलेल्यावर दुसरीने झेपायचं. चंडोल उठलेच नाहीत, त्यामुळे डाव फसला. आकाशाकडे बघत बसलो असतो तर यातलं काहीच दिसलं नसतं, हे मामांनी लगेच बोलून दाखवलं. ते बोलून दाखवणार हेही आम्हाला ठाऊक होतं.

ऊन चढल्यावर सापमार दिसला. गरुडाच्या आकाराचा पक्षी खरूचीसारखा हवेत एका जागी फडफडत थांबलाय, असं दृश्य दिसलं की फार विचार करू नये, तो बहुधा सापमारच असतो. खालून पाहता पांढुरका, डोकं घुबडासारखं वाटोळं. तो गवतात उतरला, बराच वेळ दिसेना, आणि वर उठला तेव्हा चोचीतून सापाची वीतभर शेपटी लोंबत होती. बाकीचा साप पोटात. डोक्याकडून गिळायचा आणि शेपूट बाहेर ठेवायची ही त्याची पद्धत. घरट्यावर बसलेली मादी किंवा पिल्लू त्याच शेपटीला धरून साप ओढून काढतं. तो सरळ रेषेत एका बाभुळवनाकडे गेला. मामेबहिणीने मामांकडे पाहिलं. मामांनी मान हलवली. घरट्याच्या दिशेने आम्ही गेलो नाही.

शनिवार: कडबनवाडी

इंदापूर तालुक्यातला हा माळ मला सगळ्यांत आवडतो. वनविभागाने इथे आणि बारामती तालुक्यात शिरसुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. आधी ऑनलाइन नोंदणी करायची, ठरलेल्या वाटेवरूनच गाडी न्यायची, सोबत गावातला वाटाड्या. नियम जाचक वाटतात, पण गाड्या वाटेल तशा गवतात घुसायच्या ते दिवस मला आठवतात. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पखुर्डी आणि धाविकांचे त्यात काय हाल होत असतील ते वेगळं सांगायला नको.

सकाळी गवतावर दव होतं. एक धनगरबाबा मेंढरं घेऊन वाटेत भेटले. आमचा सरंजाम बघून थांबले.

"काय हुडकताय?"

"गरुड," मामा म्हणाले.

"त्यो व्हय? त्या म्होरल्या बाभळीवर असतुया, जोडीनं. लई चोर जात. दुसऱ्यानं धरलेलं हिसकावून खातंय."

पिंगट गरुडाचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. हा गरुड स्वतः शिकार करतो, मेलेलं खातो, आणि कापशीपासून ससाण्यापर्यंत कुणीही काही धरलं की पाठलाग करून ते टाकायला लावतो. बाबांच्या मेंढरांमागेही एक लवाजमा होता. कळप चालायला लागला की गवतातले नाकतोडे उडतात, ते टिपायला गायबगळे आणि कोतवाल येतात. त्या गर्दीवर वरून लक्ष ठेवून एक खरूचीही फिरत होती. मेंढरं जिथे जातील तिथे पक्षी शोधायला जावं, हा आमच्या वाटाड्याचा सल्ला आम्ही दिवसभर पाळला.

बाभळीवर जोडी होतीच. मादी नराहून ठसठशीत मोठी. शिकारी पक्ष्यांत हा उलटा हिशेब जवळपास सगळीकडे आहे. दोघं उन्हाकडे पाठ करून पिसं साफ करत होती. घरटं बाभळीच्या अगदी माथ्यावर, काटक्यांची सपाट गादी. आम्ही गाडीतच बसून, लांबून पाहिलं.

तिथून पुढे गेल्यावर माळाचं रूप बदललं. गवतात रांगेने चर खणलेले आणि त्यांत गिरिपुष्पाची रोपं. झाडं लावणं चांगलंच असतं असं आपण शाळेपासून ऐकत आलो, त्यामुळे याविरुद्ध बोललं की लोक चमकून बघतात. पण गवताळ माळ म्हणजे झाडं तुटून उजाड झालेली जागा नव्हे. तो त्या पावसावर, त्या उथळ मुरमाड मातीवर हजारो वर्षं टिकलेला अधिवास आहे. सरकारी नकाशांत तो 'पडीक' या रकान्यात जातो आणि पडीक म्हटलं की कुणालाही तिथे काहीतरी करावंसं वाटतं. झाडोरा वाढला की चंडोल, धाविक जातात आणि उघड्यावर हुडकणाऱ्या भोवत्या या शिकारी पक्ष्याला खाली काही दिसत नाही. त्या रांगांच्या पट्ट्यात आम्हाला दयाळ आणि बुलबुल दिसले. चांगले पक्षी आहेत, पण ते आमच्या सोसायटीतही असतात.

याच पट्ट्याच्या कडेला एक दगडी हद्दखूण होती. तिच्यावर पांढरे ओघळ आणि पायथ्याशी राखाडी गुठळ्या. शिकारी पक्ष्यांना हाडं, केस, कीटकांची कवचं पचत नाहीत. त्यांची गुठळी होते आणि ती तोंडावाटे बाहेर टाकली जाते. अंगठ्याएवढी एक गुठळी मामांनी कागदावर ठेवून काडीने उकलली. करड्या केसांचा गुंता, त्यात उंदराचा जबडा, नखाएवढा, पिवळ्या दातांसकट. नाकतोड्यांच्या तंगड्या तर मोजता येऊ नयेत इतक्या. एक चमकदार हिरवी ढाल, कसल्याशा भुंगेऱ्याची. खरूचीची असावी, असं वाटाड्या म्हणाला, कारण ती सकाळी याच दगडावर बसते. एवढ्याशा गुठळीत शेतकऱ्याच्या किती शत्रूंचा हिशेब होता ते बघून मामेबहिणीने लेन्स बाजूला ठेवून फोनवर त्याचे फोटो काढले.

जवळच्या ओढ्याकाठी मेलेलं वासरू पडलं होतं. त्यावर घारी, कावळे, दोन कुत्री. मामा बराच वेळ तिकडे बघत होते. त्यांच्या लहानपणी अशा जागी गिधाडांची रांग असायची. १९९०च्या दशकात ती झपाट्याने संपली. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. गुरांसाठी ते औषध २००६ साली बंद झालं, त्याच जातीची केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक २०२३ साली. हे विष फक्त गिधाडांपुरतं नाही, स्टेप गरुडही त्याने मेल्याचं राजस्थानात आढळलं आहे.

आणि नेमका तेव्हाच तो वादग्रस्त गरुड आला. मोठा, गडद तपकिरी, वासरापासून थोडा दूर ढेकळावर उतरला. मामा म्हणाले, पिंगटचं गडद पिल्लू. मी म्हणाले, स्टेप गरुड. दोघांत फरक करायची एक खात्रीची खूण म्हणजे ओठांची पिवळी कड. पिंगट गरुडाची ती कड डोळ्याच्या मध्यापर्यंत येऊन थांबते, स्टेप गरुडाची डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते. दुर्बिणीतून मला ती मागपर्यंत गेलेली दिसत होती. मामांना नव्हती दिसत. मामेबहिणीने फोटो घेतला आणि आम्हा दोघांनाही कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो बघू दिला नाही, बॅटरी संपेल म्हणून.

संध्याकाळ भोवत्यांसाठी राखून ठेवली होती. दिवसभर ते लांबून दिसत होतेच: गवतावरून पुरुषभर उंचीवर, पंख किंचित वर उचलून, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला कलत, नांगर धरल्यासारखी एक पट्टी संपवून दुसरी घेणारे. भोवत्याच्या चेहऱ्याभोवती घुबडासारखी पिसांची चकती असते आणि गवताआडची खसखस तो ऐकून टिपतो. नर ओळखणं सोपं. माँटेग्यू भोवत्याच्या नराच्या राखी पंखावर आडवी काळी रेघ असते. फिकट भोवत्याचा नर जवळजवळ पांढरा, पंखांच्या टोकाला काळी पाचर. माद्या मात्र दोघांच्या तपकिरी, कमरेला पांढरा डाग, आणि त्यांना वेगळं ओळखताना भलेभले थकतात. मानेवर फिकट कॉलर ठळक असेल तर फिकट भोवत्या म्हणायला हरकत नाही.

भोवत्या झाडावर झोपत नाही. सूर्य टेकला की आसपासच्या माळांवरचे भोवत्या एका ठरलेल्या गवताच्या तुकड्याकडे येतात आणि जमिनीवरच रात्र काढतात. गुजरातेत वेळावदरला हा मेळा जगातल्या सर्वांत मोठ्या मेळ्यांपैकी एक समजला जातो. इथे तेवढी गर्दी नव्हती, पण सूर्यास्तानंतर एकेक करत ते येत राहिले. एकदम उतरत नाहीत. गवतावर दोन-तीन चकरा, पाय खाली सोडून उतरल्यासारखं करायचं, पुन्हा उठायचं, एखाद्याने आधीच धरलेल्या जागेवरून त्याला उठवायचं. उजेड पार गेला तरी गवतातून मधूनच एखादा उसळून दुसरीकडे बसत होता. वाटाड्याने दिवे न लावता गाडी वळवायला लावली. इथे टॉर्च मारून फोटो काढणारे येतात, आणि एकदा बिथरले की पक्षी ती जागा सोडतात, असं त्याचं म्हणणं.

रविवार: भिगवण

भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी भिगवणपर्यंत पसरतं. धरण १९८० साली पूर्ण झालं, त्याआधी इथे शेतं आणि गावं होती. लोक येतात ते रोहित पक्षी बघायला. कुंभारगावला नावाड्याने आम्हालाही आधी तिकडेच वळवलं, आणि शिकारी पक्षी हवेत म्हटल्यावर जरा नाराज झाला. पण त्याला सगळं ठाऊक होतं.

पाण्यात बुडालेल्या झाडांचे वठलेले खुंट अजून वर दिसतात. त्यांपैकी एकावर ऑस्प्रे बसला होता, पायाखाली अर्धा खाल्लेला मासा. हा जवळपास केवळ माशांवर जगतो. बाहेरचं बोट मागे वळवता येतं, त्यामुळे निसरडा मासा पुढून दोन आणि मागून दोन नखांत पकडता येतो. तळपायाला बारीक काटे असतात ते वेगळे. उडताना तो मासा लांबट, डोकं पुढे ठेवून नेतो, म्हणजे वारा कमी अडतो. आमच्या समोर त्याने मासा संपवला नाही, एका ब्राह्मणी घारीने येऊन त्याला हैराण केलं आणि तो उठून गेला.

लव्हाळ्यांच्या कडेने दलदली भोवत्या फिरत होता. तो दिसला की वारकरी पक्ष्यांचा जथा दाटीवाटीने एकत्र येतो आणि पाणी उडवत गोंगाट करतो. एकटा पडलेला वारकरी हेरायचा, तो बुडी मारून बाहेर आला की पुन्हा त्याच्यावर झेपायचं, दमेपर्यंत हेच करायचं, असा भोवत्याचा चिवट उद्योग. आम्ही होतो तोवर तरी वारकरी सरस ठरले.

बहिरी ससाण्याची चाहूल मात्र आवाजाने आली, म्हणजे त्याच्या नव्हे. शेकाट्या, थापट्या, तलवार बदकं, दूरवरचे कादंब, सगळे एकाच क्षणी उठले आणि पंखांचा एकच घोष झाला. नावाड्याने वल्हं थांबवलं. या वेळी मामांनी काही सांगायची वाट न बघता आम्ही थव्यांकडे पाहिलं: कुठला थवा फाटतोय, कुठे पोकळी पडतेय. त्या पोकळीतून तो तिरपा खाली आला. सूर मारताना बहिरी ससाणा ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. प्रत्यक्ष बघताना आकड्याचं भान राहत नाही, पण एवढं कळतं की डोळा त्याच्या मागे पडतोय. एक बदक हवेतच कलंडलं, पाण्याकडे पडलं आणि बुडी मारून वाचलं. ससाणा परत वर चढला आणि धरणाच्या पलीकडच्या काठाकडे निघून गेला. पोटाकडून पांढरट होता, त्यामुळे इथला तांबूस पोटाचा शाहीन नव्हे, उत्तरेकडून आलेला. यावर मामा आणि मी एकमत झालो.

गरुडावर नाही झालो. पुण्यात पोचल्यावर मामेबहिणीने फोटो मोठ्या पडद्यावर लावला. पिवळी कड दिसते, पण गरुडाने नेमका तेव्हा डोळा अर्धवट मिटलेला आहे, त्यामुळे डोळ्याची मागची कड कुठे संपते ते कुणालाच सांगता येईना. मामा म्हणतात, मध्यापर्यंतच आहे. मी म्हणते, मागे गेलीय. शेवटी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद 'गरुड, जात अनिश्चित' अशी केली. मामांनी त्यावर सही करायला नकार दिलाय, आणि फेब्रुवारीत वासराच्या त्याच ओढ्याकाठी जायचं म्हणून आतापासून वाटाड्याला फोन लावून ठेवलाय.